तार ओढण्याआधी धुरा (बांध) मोजला का? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं कुंपणाचीच आली. हरभरा वर आला की डुकरं येतात, डुकरं आली की माणसाला तार आठवते अन् तार ओढली की शेजारी आठवतो, असा तो क्रम आहे. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीची साखळी धरण्यापासून ते उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंत सगळं करून रिटायर झालो, त्यामुळे संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे ढकलली. नावं छापत नाही, गावात अजून बोलचाल राहिली पाहिजे.

प्रश्न : मी माह्या वावराले सिमेंटचे खांब गाडून काटेरी तार ओढली, सव्वा लाख लागले. आता शेजारचा म्हणते का तू माह्या धुऱ्यात दोन हात आला, खांब काढ नाही तर मी उपटतो. सात-बारावर माही जमीन बरोबर दोन हेक्टर हाये. मंग मी चुकलो कुठी? (दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, सात-बारा तुमची जमीन किती ते सांगतो, ती कुठून कुठपर्यंत ते सांगत नाही. ते सांगतो नकाशा, अन् जागेवर ते दाखवते मोजणी. तुम्ही खांब गाडण्याआधी मोजणी केली का हे पत्रात लिहिलंच नाही, म्हणजे नसेल केली. आपल्याकडे धुरा म्हणजे बापाने दाखवला तो. अन् दोन्ही बाजूंनी वखर घालताना दरसाल एकेक तास म्हणजे ओळ कोरत गेलं की पाच हाताचा धुरा वीस वर्षात वीतभर उरतो, मग आपल्या बाजूने किती गेला अन् त्याच्या बाजूने किती गेला हे देवालाच माहीत.

आता करायचं काय, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज द्या, आता ऑनलाइनही होतो. अर्ज उन्हाळ्याच्या हिशोबाने द्या, कारण तूर-पऱ्हाटी उभी असली की मोजणीदार येतो अन् पीक आहे म्हणून परत जातो अन् तुमची तारीख गेली. लगतच्या सगळ्या कास्तकारांना नोटीस जाते. शेजारी आला तर उत्तम, नाही आला तरी नोटीस मिळाली असेल तर मोजणी थांबत नाही. मोजणीनंतर जो नकाशा हातात येतो त्याला 'क' प्रत म्हणतात, त्यावर रेकॉर्डची हद्द अन् जागेवरची वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते. खाली टीप असते ती वाचा, लोक तो कागद लॅमिनेशन करून ठेवतात पण टीप वाचत नाहीत.

शेजाऱ्याला ही मोजणी पटली नाही तर तो निमताना म्हणजे फेरतपासणीची मोजणी मागू शकतो, ती उपअधीक्षक करतात, अन् तीही नाही पटली तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. पण एक लक्षात ठेवा, मोजणीदार खुणा दाखवतो, ताबा देत नाही. खांब त्याच्या हद्दीत निघाले अन् तुम्ही ते स्वतःहून मागे घेतले तर विषय संपला, नाही घेतले तर त्याला दिवाणी कोर्टात जावं लागेल. अन् उलट निघालं, म्हणजे खांब तुमच्याच हद्दीत असताना त्याने उपटले, तर ते नुकसान केल्याचा गुन्हा होतो, पोलिसांत द्या. पोलीस 'हे सिव्हिल आहे' म्हणतील, म्हणोत, 'क' प्रत दाखवा. हद्दीच्या दगडांना कोणीच हात लावायचा नाही, जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 145 प्रमाणे खुणा मोडल्या तर दंड आहे, अन् त्या खुणा नीट ठेवायची जबाबदारीही आपल्यावरच आहे.

एक किस्सा सांगतो. दोन सख्ख्या भावांचं असंच धुऱ्यावरून दहा वर्षं बोलणं बंद होतं. मोजलं तर दोघांचंही क्षेत्र भरलं, थोडं जास्तच भरलं, कमी झाला होता तो मागचा पांदण रस्ता. दोघेही गप्प. त्या दिवशी मला दोन्ही घरून चहा आला.

प्रश्न : आमच्याकडे डुकरं अन् रोही (नीलगाय) लय झाले. एक जण मोटारीच्या लाइनवरून तारेत करंट सोडते, म्हणते रातच्यालेच सोडतो, पाहाटे बंद करतो. मी झटका मशीन घेतली तर मलेही पोलीस नेतील काय? (भिवापूर तालुका)

उत्तर : या दोन गोष्टी एक नाहीत, अन् गावात दोन्हीला 'करंटची तार' म्हणतात तिथेच घोळ होतो.

मोटारीच्या लाइनचा करंट सलग वाहतो, ओल्या पायाने तार धरली की स्नायू आखडतात अन् हात सुटत नाही. झटका मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, बॅटरी सोलर प्लेटवर चार्ज होते, अन् ती तारेत साधारण सेकंदाला एक असा झटका सोडते, व्होल्टेज हजारांत असतं पण झटका सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता, म्हणून जनावर दचकून मागे हटतं, मरत नाही. घेताना आयएसआय मार्क पाहून घ्या, स्वस्तातली घरगुती जोडणी केलेली मशीन घेऊ नका.

तुमच्या गावातल्या त्या भाऊला माझ्याकडून सांगा. आकडा टाकून करंट घेतला तर वीज कायदा 2003 च्या कलम 135 ची वीजचोरी. त्या तारेला माणूस लागून मेला तर भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाचं कलम 106, अन् पोलीस बऱ्याचदा त्याच्याही पुढे जाऊन कलम 105 म्हणजे सदोष मनुष्यवध लावतात. वाघ किंवा बिबट लागला तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972, त्यात 3 ते 7 वर्षं. आपण ताडोबा-उमरेड-पेंचच्या पट्ट्यात राहतो, इथं डुकराच्या मागे वाघ येतोच. अन् खरं सांगू का, अशा तारेला बाहेरचा चोर क्वचित लागतो, लागतो तो पहाटे पाणी द्यायला आलेला घरचाच माणूस नाही तर मजूर, कारण 'बंद करतो' म्हणणारा एखाद्या दिवशी विसरतो. 'रातच्यालेच सोडतो' ही काही सेफ्टी नाही हो.

तुम्ही झटका मशीन बिनधास्त घ्या, पण काही गोष्टी पाळा. काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, माणूस किंवा ढोर त्यात अडकलं तर सुटता येत नाही, साधी गुळगुळीत तारच वापरा. रस्त्याच्या अन् पायवाटेच्या बाजूला पिवळी पाटी लावा, लेकरांना वाचता येत नाही म्हणून हाताचं अन् विजेचं चित्र असलेली. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून फूटभर किंवा त्याहून खाली, वरच्या तारा रोह्यासाठी. घरच्या लाइनच्या अर्थिंगला मशीनची अर्थिंग जोडू नका, वेगळा रॉड ठोका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मग रॉडला माती धरत नाही अन् झटका बसत नाही, कास्तकार म्हणतो मशीन खराब झाली, तिथं दोन बादल्या पाणी टाकायचं असतं. पावसाळ्यात उलटं, गवत वाढून खालच्या तारेला टेकतं अन् करंट गवतातून जमिनीत जातो, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत काढा. माझ्या माहितीतल्या बंद पडलेल्या दहापैकी आठ तारा अशा गवतानेच बंद पडल्या.

पैशाचं म्हणाल तर वनविभागाची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, त्यात सौर कुंपणाला 75 टक्के अनुदान, पण रक्कम अन् गावांची यादी जीआर बदलला की बदलते, म्हणून आधी वनरक्षकाला विचारा, मग दुकानात जा. अन् तार असूनही पीक खाल्लंच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे लेखी द्या, पंचनामा होईपर्यंत नांगर घालू नका.

प्रश्न : माझ्या वावरात जायची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून आहे, आजोबापासून. यंदा त्याने चारही बाजूने जाळी मारली अन् गेटला कुलूप. सोयाबीन डोक्यावरून काढलं. (मेहकर तालुका)

उत्तर : ताई, कुंपण घालायचा त्याला हक्क आहे, वाट बंद करायचा नाही. आधी तहसीलमधून किंवा भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा. त्यावर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, अन् पायमार्ग, सव्वा आठ फूट, वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. नकाशावर वाट असेल तर ती त्याची खाजगी नाहीच.

नकाशावर नाही पण वहिवाट आहे अन् आता अडवली, असं असेल तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 चं कलम 5. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. हे सहा महिने लोक समजावण्यात घालवतात, पंचायत बसते, पोळा होतो, दिवाळी होते अन् मुदत जाते. समजावणं चालू ठेवा पण अर्ज टाकून ठेवा. अन् मुळातच वाट नव्हती, नवी पाहिजे, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, तिथं तहसीलदार पाहतात की तुम्हाला दुसरी वाट आहे का, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान कुठून होईल. या 143 च्या निकालाविरुद्ध अपील आहे किंवा एक वर्षात दिवाणी दावा. निकाल मिळाला की त्याची नोंद सात-बाराच्या इतर हक्कात करून घ्या, नाही तर जमीन विकली की नवीन मालक पुन्हा कुलूप लावतो. दोन अर्ज एकाच कागदावर लिहू नका, कारकून कोणत्या कलमात घ्यायचं म्हणून तो कागद ठेवून देतो, मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : तारेचा अर्धा खर्च शेजारी देत नाही. कायद्याने घेता येते का? (आर्वी)

उत्तर : नाही येत. आपल्याकडे शेजाऱ्याने कुंपणाचा अर्धा पैसा द्यावाच असा नियम नाही. पण त्याला हा हिशोब दाखवा. चौकोनी एक एकराचा घेर साधारण 835 फूट. पाच एकराचा 1,867 फूट, म्हणजे जमीन पाचपट, तार सव्वादोन पट. पाच-पाच एकरवाले चार जण वेगवेगळी तार ओढतील तर जवळपास साडेसात हजार फूट लागेल, अन् चौघांनी मिळून वीस एकराला एकच ओढली तर निम्मी. आतले धुरे मोकळे राहतात, वखराला वळायला जागा राहते, ढोरांना चारा राहतो. फक्त कोणी किती खांब दिले, दुरुस्ती कोण करेल, गेटची किल्ली कोणाकडे, हे 500 च्या स्टॅम्पवर लिहा. भाऊबंदकी असली तरी लिहा. भाऊबंदकी असेल तर लिहाच.

खांब मात्र कोपऱ्यावर अन् गेटवर टेका देऊन पक्के करा. काळ्या मातीत खांब दोन पावसाळ्यात वाकतो, ठेकेदार दीड फूट खड्डा करून निघून जातो, तुम्ही उभं राहून दोन-अडीच फूट खणून घ्या अन् खाली गिट्टी-सिमेंट टाका.

प्रश्न : गावातल्या घराच्या सांदवाडीला (परसाला) विटांचं कंपाउंड घालतो, ग्रामपंचायतीची परवानगी लागते का? (दिग्रस)

उत्तर : गावठाणात पक्कं बांधायचं तर आधी पंचायतीत लेखी अर्ज देऊनच हात लावा, फुकटचा कागद आहे तो. नमुना 8 ला, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, जे माप आहे त्याच्या आत रहा, ड्रोनची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर तिच्यावरचं माप धरा. रस्त्यात किंवा नालीवर एक वीटही गेली तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 ने पंचायत काढू शकते. गेट आतल्या बाजूने उघडणारं लावा, बाहेर उघडलं की ते रस्त्यात येतं, अन् गावातली अर्धी भांडणं त्या गेटला बैलगाडी घासल्याचीच असतात.

प्रश्न : शेजाऱ्याच्या बकऱ्या तारेखालून येतात अन् वाल खातात, मारलं तर भांडण. (चामोर्शी)

उत्तर : मारू नका. जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 पासून आहे, पीक खाणारं जनावर धरून कोंडवाड्यात नेऊन द्या, मालक दंड भरून सोडवतो. कोंडवाडा मोडकळीला आला असेल तर पंचायतीला लेखी कळवा. अन् तारेच्या खाली चिल्हार किंवा सागरगोटा अशा काटेरी झुडपाचं बी पावसाळ्याच्या तोंडावर टोबा, दोन वर्षं बोरी-बाभळीचा काटा टाकून सांभाळा, तिसऱ्या वर्षी बकरीच काय कोंबडीही जात नाही. फक्त ते धुऱ्याच्या मधोमध लावू नका, आपल्या बाजूला दोन हात आत घ्या, नाही तर पुढच्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्याचं पत्र येईल मला.