वाचकांचे प्रश्न : स्पिनोझा आणि धर्मग्रंथाचा अर्थ

प्रश्न : स्पिनोझा हा बुद्धिप्रामाण्यवादी तत्त्वज्ञ होता. मग धर्मग्रंथातील एखादे वचन बुद्धीला पटत नसेल, तर त्याचा लाक्षणिक अर्थ लावून ते बुद्धीशी जुळवून घ्यावे, असेच त्याचे मत असणार ना? आमच्या वाचनमंडळात यावरून दोन तट पडले आहेत. – एक वाचक, सातारा

उत्तर : स्पिनोझाचे मत नेमके याच्या उलट होते, आणि त्याचे वेगळेपण मला तेथेच दिसते. आपण म्हणता तो मार्ग त्याच्या आधीचा आहे. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज याने असे प्रतिपादन केले होते की, विश्व अनादी आहे हे बुद्धीने खरोखर सिद्ध झाले असते, तर सृष्टीच्या उत्पत्तीविषयीच्या वचनांचा अर्थ त्याला अनुसरून लावता आला असता. स्पिनोझाचा स्वतःचा मित्र लोडेवाइक मेयर याने 1666 मध्ये हाच विचार टोकाला नेला आणि बायबलचा अर्थ ठरवण्याचा अधिकार तत्त्वज्ञानालाच देऊन टाकला. 1670 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मशास्त्र व राज्यशास्त्रविषयक प्रबंध’ या लॅटिन ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात स्पिनोझाने मायमोनिडीजचे नाव घेऊन ही पद्धत नाकारली.

वाक्याचा अर्थ काय आणि वाक्य खरे आहे का, हे दोन प्रश्न त्याने एकमेकांपासून वेगळे केले. ज्यूंचा धर्मनियम देणारा म्हणून बायबलमध्ये येणारा मोशे (मोझेस) याने काय म्हटले, हे मोशेच्या भाषेवरून आणि त्याच्याच इतर वचनांवरून ठरवायचे. ते आपल्याला पटते की नाही, याचा त्या निर्णयाशी संबंध नाही. त्याने दिलेले उदाहरण सूक्ष्म आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. देव अग्नी आहे आणि देव ईर्ष्यावान आहे, अशी दोन विधाने मोशेच्या नावावर आहेत. बुद्धीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच अग्राह्य आहेत, त्यामुळे मायमोनिडीजच्या रीतीने पाहिले तर दोन्हींचा लाक्षणिक अर्थ घ्यावा लागेल. स्पिनोझा मात्र प्रथम मोशेची इतर वचने तपासतो. कोणत्याही दृश्य वस्तूशी देवाचे साम्य नाही, असे मोशेने स्पष्ट सांगितले आहे. मग ‘अग्नी’ या हिब्रू शब्दाला दुसरा अर्थ आहे का? आहे, बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात तो क्रोध व ईर्ष्या या अर्थाने येतो. म्हणून ‘देव अग्नी आहे’ याचा अर्थ ‘देव ईर्ष्यावान आहे’ असाच घ्यायचा. पण देवाला मनोविकार नसतात, असे मोशेने कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा बुद्धीला कितीही विपरीत वाटले, तरी देव ईर्ष्यावान आहे अशी मोशेची समजूत होती, हे मान्य करावे लागते. अग्नीचा लाक्षणिक अर्थ घेतला गेला तो भाषेच्या आधारावर, आणि ईर्ष्येचा घेतला गेला नाही तोही भाषेच्याच आधारावर.

त्याची दुसरी हरकत सामाजिक होती आणि माझ्या मते ती तितकीच महत्त्वाची आहे. धर्मग्रंथाचा अर्थ तत्त्वज्ञानाशिवाय कळत नसेल, तर सामान्य माणसाला तो कधीच स्वतः कळणार नाही. त्याला तत्त्वज्ञांच्या शब्दावर विसंबावे लागेल आणि पुरोहितांचा एक नवाच वर्ग उभा राहील.

म्हणून वाचनमंडळातील ज्या सदस्यांचे म्हणणे स्पिनोझा ‘ग्रंथाला सोयीचा अर्थ चिकटवू देत नाही’ असे असेल, त्यांची बाजू बरोबर आहे. बुद्धी त्याने पुराव्याची छाननी करण्यासाठी वापरली, ग्रंथाच्या तोंडी आपले शब्द घालण्यासाठी नव्हे.

प्रश्न : बायबलमधील पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली नाहीत, हे स्पिनोझाने कशावरून ठरवले? आणि याच मतामुळे त्याला ज्यू समाजाने बहिष्कृत केले, हे खरे का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने त्याला 27 जुलै 1656 रोजी बहिष्कृत केले, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि हे मत मांडणारा त्याचा वर सांगितलेला ग्रंथ निघायला आणखी सुमारे चौदा वर्षे होती. बहिष्काराच्या लेखात पाखंडी मते आणि निंद्य कृत्ये यांचा उल्लेख आहे, परंतु ती मते कोणती हे त्यात सांगितलेले नाही. ग्रंथामुळे बहिष्कार झाला, हे विधान कालक्रमातच बसत नाही.

आता पुराव्याकडे वळू. त्यातला बराचसा स्पिनोझाचा स्वतःचा नाही, आणि तसे तो सांगतोही. बाराव्या शतकातील भाष्यकार इब्न एझ्रा याने काही स्थळांकडे गूढ शब्दांत बोट दाखवून ‘ज्याला कळते त्याने मौन पाळावे’ अशा आशयाची सूचना केली होती. ती स्थळे स्पिनोझाने उघड केली. या पाचांतील शेवटच्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आरंभी मोशे यार्देन (जॉर्डन) नदीच्या पलीकडे बोलला असे म्हटले आहे. पण मोशेने ती नदी कधी ओलांडलीच नाही, त्यामुळे त्या जागेला ‘पलीकडे’ म्हणणारा लेखक नदीच्या दुसऱ्या तीरावर असला पाहिजे. ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकामध्ये अब्राहामाच्या प्रवासाचे वर्णन करताना ‘त्या काळी देशात कनानी लोक राहत होते’ असे वाक्य येते. कनानी लोक तेथून गेल्यानंतरच्या माणसालाच असे वाक्य सुचेल. इस्राएलावर कोणी राजा होण्यापूर्वी एदोम या शेजारच्या देशात कोणते राजे होऊन गेले, याची यादीही त्याच पुस्तकात आहे. इस्राएलात राजे झाल्यानंतरच ती अशा शब्दांत लिहिता येते. शेवटी मोशेचा मृत्यू आणि त्याची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, हे विधान. मृत्यूच्या वर्णनाची अडचण तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या कर्त्यांनाही जाणवली होती, आणि अखेरच्या आठ ओळी मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याने लिहिल्या असे एक मत त्यात नोंदवलेले आहे.

स्पिनोझाचे पाऊल पुढे पडले ते येथे. आठ ओळी वेगळ्या काढून उरलेला भाग सुरक्षित ठेवण्याऐवजी त्याने संपूर्ण कथनाची बैठक पाहिली. ‘उत्पत्ति’पासून ‘राजे’ या पुस्तकापर्यंत एकच सलग इतिहास चालतो, एक पुस्तक दुसऱ्याला शब्दांनी जोडलेले आहे, आणि शेवट यरुशलेमच्या विध्वंसाशी होतो. यावरून जुनी साधने जोडणारा संकलक एकच असावा, आणि तो बहुधा बायबलमधील शास्त्री एज्रा असावा, असा तर्क त्याने केला. एज्राचे नाव ही या युक्तिवादातील सर्वांत कच्ची कडी आहे. पुढील संशोधनाने ती उचलून धरली नाही. फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने 1753 मध्ये देवाच्या दोन वेगळ्या नावांवरून ‘उत्पत्ति’मागील साधने निराळी करून पाहिली, आणि 1878 मध्ये जर्मन पंडित युलियुस वेलहाउझेन याने साधनांच्या कालक्रमाची मांडणी केली. निष्कर्ष बदलत गेले, तरी ग्रंथाची भाषा, रचना, लेखक, काळ आणि हस्तांतराचा इतिहास आधी गोळा करावा, हा सातव्या प्रकरणातील आग्रह टिकला. आणि त्याने आपल्या पद्धतीची मर्यादाही लपवली नाही: प्राचीन हिब्रूत स्वरचिन्हे नव्हती, तिचे व्याकरण व कोश त्या काळातून आपल्यापर्यंत आलेले नाहीत, त्यामुळे काही स्थळांचा अर्थ निश्चित करणे अशक्य आहे, असे तो स्पष्ट लिहितो.

ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते. छापला आम्स्टरडॅमला, पण मुखपृष्ठावर हॅम्बुर्ग. 1674 मध्ये हॉलंडमध्ये त्यावर बंदी आली, आणि त्याच हुकुमात मेयरचे पुस्तकही होते. ज्या दोघांचे एकमेकांशी पटले नाही, त्यांना बंदीने एकत्र आणले.

प्रश्न : ग्रंथावर श्रद्धा असणाऱ्याने असली चिकित्सा करणे, हा त्या ग्रंथाचा अपमान नव्हे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : स्पिनोझाच्या दृष्टीने धर्मग्रंथाची खरी शिकवण न्यायाने वागणे आणि शेजाऱ्यावर प्रेम करणे ही आहे. ती ग्रंथात इतक्या ठिकाणी आणि इतकी उघडपणे येते की, शब्दांचा पाठ कोठे बिघडला तरी तिला धक्का लागत नाही. रिशार सिमाँ या कॅथलिक धर्मगुरूने 1678 मध्ये जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास लिहिला, तो स्पिनोझाच्या निष्कर्षांना उत्तर द्यावे आणि धर्मसंस्थेच्या परंपरेची गरज सिद्ध करावी म्हणून. तरीही त्याच्याच धर्मसंस्थेतील बिशप बॉस्युए याच्या आग्रहावरून त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या.

आपल्याकडील स्थिती पाहायची तर पाठचिकित्सा आणि ऐतिहासिक चिकित्सा यांत फरक करायला हवा. मूळ शब्द कोणते होते, हा पहिलीचा प्रश्न. ते कोणी, कधी आणि का लिहिले, हा दुसरीचा. पहिलीचे आपल्या परंपरेत मोठे उदाहरण आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेली अशुद्धे दूर करून प्रत शुद्ध केली. त्यांच्या भक्तीविषयी कोणाला शंका घेता येईल, असे मला वाटत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि 1966 मध्ये ते पूर्ण केले. त्याचे दीर्घकाळ प्रमुख संपादक असलेले वि. सी. सुखटणकर हे बर्लिनला शिकलेले होते. दुसऱ्या प्रकारच्या चिकित्सेला लागणारे साहित्य तर महाभारत स्वतःच पुरवते. कोणी मनूपासून, कोणी आस्तीकापासून, तर कोणी उपरिचर वसूपासून भारताचा आरंभ मानतात, आणि उपाख्याने वगळली तर भारत 24,000 श्लोकांचे होते, या दोन्ही नोंदी आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात आहेत.