जुन्या वाइनच्या तळाचा गाळ

प्रश्न : ‘शातो मूतों रोथशिल्ड’ या फ्रेंच रेड वाइनच्या जुन्या बाटलीत तळाशी गाळ दिसतो. वाइन बिघडली असे समजावे काय? आणि लेबलावर दर वर्षी नवे चित्र का असते?

उत्तर : गाळ दिसला म्हणून वाइन बिघडली असे होत नाही. द्राक्षांच्या सालीतून आलेली टॅनिन (तुरट चव देणारी द्रव्ये) आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. म्हणूनच वाइनचा जांभळट रंग ओसरून विटकरी छटा येते. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, मानेमागे मेणबत्ती धरून वाइन अगदी सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळाची काळपट रेघ मानेशी आली की हात आवरावा. तळातल्या दोन घोटांचा मोह नको. ते कडवटच लागतात.

चित्रांची प्रथा फ्रान्समधील बोर्दो या वाइनच्या प्रदेशातील पोइयाक येथील या मळ्याचे मालक बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांची. वाइन मळ्यातच बाटलीबंद करण्याचा आग्रह त्यांनी १९२४ मध्ये धरला. १९४५ च्या लेबलावर युद्धातील विजयाचे ‘व्ही’ हे अक्षर झळकले आणि तेव्हापासून चित्रकारांची परंपरा रूढ झाली. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीत टाकलेल्या या मळ्याला १९७३ मध्ये पहिली श्रेणी मिळाली, त्या वर्षीच्या लेबलावर पिकासोचे चित्र आहे.