हाक वाढली, ओ येईना

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा थायरॉइडचा विषयही नव्हता. चौतिशीची बाई, नोकरी करणारी. नवऱ्याने बळेच पाठवलेली. "मी आळशी झालेय, मॅडम. सकाळी उठवतच नाही. कशात मन लागत नाही. वजन वाढतंय, त्यावरूनही बोलणी खाते." पहिल्या दोन भेटी मी तिच्या विचारांवरच काम करत राहिले. स्वतःला दोष देण्याची सवय, झोपेचं वेळापत्रक, रोज थोडं चालणं. तिने सगळं प्रामाणिकपणे केलं. फरक शून्य.

तिसऱ्या भेटीत तिने पंखा बंद करायला सांगितला. मला उकडत होतं आणि ती अंग चोरून बसली होती. मग कानांनाही जाग आली : आवाज घोगरा, बोलणं संथ. विचारलं तर एकेक बाहेर पडलं. केस गळतात, त्वचा कोरडी, पोट साफ होत नाही, पाळीत रक्तस्राव जास्त. हे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. निदान करणं माझं काम नाही, म्हणून तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

चौथ्या भेटीत ती रिपोर्ट घेऊन आली आणि गोंधळलेली होती. "टीएसएच 38 आलंय, खूप जास्त. म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय ना? मग डॉक्टर कमी का म्हणतात?"

हा गोंधळ फार जणांचा होतो, कारण टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. मी तिला म्हटलं, "शेजारच्या खोलीत कुणाला हाक मारलीत आणि ओ आली नाही, तर काय करता?"

"मोठ्याने मारते."

"तेच चाललंय." टीएसएच ही हाक. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-फोर आणि थोडं टी-थ्री ही आपली हार्मोन्स रक्तात सोडते, ती ओ. पुरेशी ओ मिळाली की पिट्युटरी आवाज खाली आणते. तिच्याही वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग बसलेला असतो, तोही रक्तातली ही पातळी चाचपून पिट्युटरीला कमी-जास्त इशारे देतो. तिची ग्रंथी थकली होती, ओ क्षीण झाली होती, म्हणून हाक 38 वर गेली. साधारण 4-5 च्या आत ती असायला हवी. (क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते, तेव्हा टीएसएच फसवं ठरतं, म्हणून टी-फोरही बघतात.)

टी-फोरचं टी-थ्री पेशींमध्ये होतं आणि ते जवळजवळ प्रत्येक अवयवाला कामाची गती देतं. ते कमी पडलं की हृदयाचे ठोके, आतडी, अंगातली ऊब, विचारांचा वेग, सगळंच मंदावतं. मनही. उदास असणाऱ्या बहुतेकांचं थायरॉइड ठीकच असतं, हेही मी तिला सांगितलं. पण तपासून घ्यायला हरकत काय?

"पण गोळीची सवय लागेल ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. डॉक्टरांनी दिलेली गोळी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे शरीर बनवत होतं तेच टी-फोर, बाहेरून दिलेलं. नशा नाही, कमतरतेची भरपाई. पुष्कळांना ती कायम घ्यावी लागते, हे मी लपवलं नाही. उपाशीपोटी घ्यायची, लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर. आणि धीर हवा. रक्तातलं टी-फोर निम्मं व्हायला सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला आठवडे जातात. म्हणूनच टीएसएच पुन्हा 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणत गोळी सोडणारे मी पाहिलेत.

दुसऱ्या तपासणीत टीएसएच 9 वर आलं. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला. ती आता सकाळी उठते, चालायला जाते. वजन मात्र थोडंच उतरलंय आणि त्यावर ती चिडलेलीही आहे.

आमच्या भेटी थांबलेल्या नाहीत. "आळशी" हा शब्द घरात दीड वर्ष वापरला गेला होता, तो गोळीने जाणारा नव्हता. गेल्या वेळी नवराही आला. हाक आणि ओचं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं, "म्हणजे ती तेव्हा खरंच दमत होती?"

"मला नका विचारू," मी म्हटलं. "ती इथेच बसलीय."