मोठे प्लॉट आखण्याआधी स्टेशनपासूनची वाट आखा

मोठ्या शहरात नवं व्यापारी केंद्र आखायचं तर सगळी कार्यालयं एका जागी, मोठे प्लॉट आणि रुंद रस्ते ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते प्लॉट आणि रस्ते नंतर. कामाला येणारा माणूस कुठे उतरणार आणि तिथून दारापर्यंत कसा पोचणार, हे आधी ठरवा. मुंबई परिसरात याची बरी-वाईट उदाहरणं शेजारी शेजारी आहेत.

दक्षिण मुंबईतला जुना ऑफिसांचा भाग, फोर्ट बघा. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या आणि शहराला पसरायला जागा मिळाली. आज एका अंगाला सीएसएमटी स्टेशन, दुसऱ्या अंगाला चर्चगेट स्टेशन; मधलं जवळपास प्रत्येक ऑफिस चालत गाठता येतं. दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या तळमजल्याला कमानी आहेत. भर पावसातही त्यांच्याखालून बरंचसं अंतर न भिजता कापता येतं. आतले गाळे लहान, गल्ल्या जवळजवळ, त्यामुळे एक वाट तुंबली की दुसरी सापडते. खाली झेरॉक्सवाला, स्टेशनरीवाला, उडुपी हॉटेल, वर ऑफिसं. अशा रस्त्यावर चालायला कंटाळा येत नाही.

बीकेसीचा, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल या व्यापारी केंद्राचा, हेतू चांगलाच होता: दक्षिण मुंबईवरचा भार कमी करायचा. १९७७ साली एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण झालं. पण तिथल्या जी ब्लॉक या भागात फिरून बघा. अवाढव्य प्लॉट, प्रत्येकाला कंपाउंड, गेट, सिक्युरिटी. पलीकडच्या इमारतीत जायलाही वळसा. वांद्रे आणि कुर्ला ही स्टेशनं नकाशावर जवळ दिसतात, प्रत्यक्षात लोक शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहतात. मेट्रो ३ बीकेसीत पोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऑफिसं भरून कित्येक वर्षं झाल्यावर. एवढ्या वर्षांत लाखो माणसांचा रोजचा वेळ गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवी मुंबईतही तेच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. लोकल मात्र खाडी ओलांडून वाशीला पोचली १९९२ साली. मधल्या काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून टॉवर उभे राहिले आणि मंत्रालयही दक्षिण मुंबईतच राहिलं. मग नवी मुंबईतल्या बेलापूरला सीबीडी, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी केंद्र, म्हटलं तरी मोठी ऑफिसं तिकडे का जातील?

म्हणून तुमच्या आराखड्यात स्टेशनची दारं आधी काढा. तिथून दहा मिनिटांत चालत पोचता येईल एवढ्या टप्प्यात सर्वाधिक एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) द्या. प्लॉट मोठे द्यावेच लागले तर त्यांच्यामधून सार्वजनिक वाट सोडण्याची अट भाडेकरारातच घाला. नंतर कोणी सोडत नाही. रस्त्याकडेच्या तळमजल्यावर दुकानं सक्तीची करा, पार्किंग नको. आणि फेरीवाल्यांची जागा नकाशावरच दाखवा. हजारो माणसं कामाला आली की चहा आणि वडापाव लागणारच. जागा दिली नाही तर टपऱ्या फुटपाथवर येतील आणि चालणारे गाड्यांमध्ये उतरतील.