नऊ वर्षांच्या मुलाचं वजन वाढतंय, त्याला डाएटवर ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बाहेरचं फारसं खात नाही, तरी वर्षात दोनदा कपडे घट्ट झाले. त्याच्या एकट्याचं डाएट कृपा करून सुरू करू नका. मी ती चूक केली आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला. मळ समजून मी रोज घासायचे. ‘आई, दुखतंय’ म्हणून ती मान आखडून घ्यायची. बालरोगतज्ज्ञांनी बघताक्षणी सांगितलं, हा मळ नाही. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की मानेची, काखेची कातडी अशी जाड आणि काळी पडते. त्या घासण्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तुम्ही मुलाची मान नीट बघा.

मी लगेच तिचं खाणं निम्म्यावर आणलं, तर ती लपवून खायला लागली. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर घरातला दिनक्रम लिहून काढला. गोम भलतीकडेच होती. ती साडेअकराला झोपायची, कारण आम्ही साडेअकराला झोपायचो. सकाळी साडेसहाला उठायची, म्हणजे झोप सात तास. या वयात ९ ते ११ तास लागतात. झोप कमी पडली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं. संध्याकाळभर तिचं ‘काहीतरी दे ना’ चालायचं, तो हट्ट नव्हता, खरीच भूक होती.

दुसरी गोष्ट ज्यूसची. पौष्टिक म्हणून मीच द्यायचे. ३३० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि फळांचा ज्यूसही त्याच्या फार मागे नसतो. फळ चावून खाल्लं की पोट भरतं, ज्यूस नुसता घशाखाली उतरतो.

मग नियम बदलले ते सगळ्या घराचे. साडेनऊला दिवे बंद, फोन झोपायच्या खोलीबाहेर, आधी आमचे. जेवताना टीव्ही नाही. काय आणि केव्हा वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते ती. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते; ती पळापळीच्या खेळातून होते, सलग व्हायला हवी असंही नाही.

वाढत्या मुलाचं वजन उतरलंच पाहिजे असं नसतं. ते जागेवर राहिलं आणि उंची वाढली तरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, खाली येतो. मात्र वजन वाढतंय आणि उंची खुंटली आहे असं असेल, तर थायरॉइडसारखं कारण तपासावं लागतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्या. आणि त्यांच्याशी वजनाबद्दल बोलाल तेव्हा मुलाला थोडा वेळ बाहेर बसवा.