आरएमसी प्लांटची धूळ : सहा महिन्यांची मुदत हातची घालवू नका

सोसायटीशेजारच्या आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्या रेडीमिक्स प्लांटची धूळ कशी थांबवायची, हा बालेवाडीतून आलेला तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडी पडली. आम्हीही हेच भोगलंय. भिंतीला लागून रेडीमिक्स प्लांट, रात्री बल्कर (सुट्या सिमेंटचे टँकर), सकाळी गाड्यांवर राखाडी थर आणि चार महिने नुसता पत्रव्यवहार. लेखी तक्रार, पोच वगैरे तुम्ही करतच असाल, ते सोडून देतो.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे' या एका वाक्याने केलं. एक कार्यालय (नाव लिहीत नाही) दर महिन्याला हेच कळवायचं आणि आम्ही म्हणायचो, फाइल हलतेय, थांबू. पर्यावरणाचे वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जातात, आणि त्याच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली तिथल्या अर्जाची मुदत सहा महिने आहे. ती मोजतात वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. स्मरणपत्रं कितीही पाठवा, मुदत वाढत नाही. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे, तरी तारीख हुकली. याचा संताप अजून जात नाही. भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात, पण धूळ आज थांबवायची आहे. मी वकील नाही. तुमची तारीख कुठून धरायची ते याच आठवड्यात वकिलाला विचारा.

हवेतली धूळ मोजणाऱ्या सेन्सरवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत. स्वस्त लेझर सेन्सर जाड धूळ नीट मोजत नाहीत, पावसाळी दमट हवेत आकडा फुगवतात. शिवाय पीएम१० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची) घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. रात्री अकराला दिसलेला ४०० चा आकडा घेऊन गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

त्यापेक्षा सायलोच्या, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाकीच्या, माथ्यावर नजर ठेवा. बल्करमधलं सिमेंट हवेच्या दाबाने वर चढवतात. वरचा बॅग फिल्टर (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या) चोंदला की दाब वाढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पांढुरका ढग बाहेर पडतो. तेव्हाचा व्हिडिओ घ्या, वेळ आणि बल्करचा नंबर दिसेल असा. खिडकीच्या सरकत्या काचेची खाचही बघा. साधी माती ओल्या फडक्याने निघते. पाणी लागून थर दगडासारखा धरला असेल, सुरीने खरवडावा लागत असेल, तर त्यात बहुधा सिमेंट आहे. त्याचाही जवळून फोटो काढा.

माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मंडळाने प्लांटला दिलेलं संमतीपत्र अटींसकट आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. 'का' म्हणजे माहिती नव्हे, असं सांगून अर्ज निकाली काढतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मात्र त्या उत्तराची वाट बघत न्यायाधिकरणाचा अर्ज अडवून ठेवू नका. सही करणाऱ्याच्या नावे सोसायटीचा ठरावही आत्ताच करून घ्या, नाहीतर 'तुम्हाला अधिकार कुणी दिला' यातच एक तारीख जाते.

आणि तोवर गॅलरी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने तीच धूळ उडून पोरांच्या नाकात जाते.