रोग नाही, मग गोळी कशाला?

"रिपोर्ट निगेटिव्ह आलाय न्हवं ताई? मग रोगाची गोळी मी का खाऊ?"

कोल्हापुरात जोगवा मागणारी ही तृतीयपंथी मुलगी, पंचविशीतली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्यांनी तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिनची. रोज नेमाने घेतली तर शरीरसंबंधातून होणारी लागण जवळपास पूर्ण टळते. आधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. गरमी-परम्यासारखे गुप्तरोग मात्र या गोळीनं थांबत नाहीत, त्यासाठी कंडोम हवाच.

हे तिला पटलं. पण खरी भीती वेगळीच होती. "डबी कुणी बघितली तर मलाच रोग झालाय म्हणतील. घरमालक खोली सोडायला लावंल."

नोकरदार मुलं मोबाइलवर वाचून येतात, गोळीचं नाव स्वतःच सांगतात. हिला आजवर कुणी विचारलंही नव्हतं, आणि गोळी घ्यायची तीही पदरच्या पैशांनी. अमेरिकेत ही गोळी २०१२ पासून आहे. तिथल्या २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ही गोळी उपयोगी पडेल अशा गोऱ्यांपैकी ९४ टक्क्यांना ती लिहून दिली गेली, तशाच कृष्णवर्णीयांपैकी फक्त १३ टक्क्यांना. भारतात नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, मार्गदर्शक सूचना २०२२ मध्येच आल्या. त्या हिच्या खोलीपर्यंत पोचायला हव्यात, असं मला कळकळीनं वाटतं.

पुढच्या खेपेला तिनं पिशवीतून हिंगाची डबी काढली. आत सुट्या गोळ्या, ओलाव्यानं कडा फुगलेल्या. कोल्हापूरचा पाऊस! मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते, म्हणून गोळ्या त्यातच ठेवायच्या. आम्ही दोघींनी मिळून नव्या डबीवरचं लेबल पाण्यानं भिजवून खरवडलं. तिनं ती भंडाऱ्याच्या पिशवीत खाली सरकवली. तिथं कुणी हात घालत नाही.

सौंदत्तीच्या यात्रेत चार दिवस गोळ्या चुकल्या. गाडीत सगळे एकत्र, डबी काढणार कुठं? तिनं ते स्वतःहून सांगितलं, याचं मला फार मोल वाटलं. पुन्हा चाचणी केली, निगेटिव्ह. सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोमशिवाय अजिबात नको, असं तिला बजावलं. आता वेळही ठरलीय: संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की गोळी.